तीन वाजताची सही

कारखाना सुरू झाला तेव्हा एका पत्र्याच्या शेडमध्ये बावीस माणसं होती, आणि सलाईनच्या नळ्या पाकिटात भरायच्या टेबलावर दोघी शेजारी शेजारी बसायच्या. एकीला सगळे ताई म्हणायचे. दुसरीचं नाव पडलं होतं ठसका, कारण हसायला लागली की तिला ठसका लागायचा. नऊ वर्षं दोघींनी एकमेकींच्या डब्यातलं खाल्लं. ताईचा नवरा अचानक गेला तेव्हा ठसका घरच्यांची बोलणी खाऊन पंधरा दिवस तिच्याकडे राहिली होती.

मग कारखाना वाढला. तीन इमारती उभ्या राहिल्या, माणसं अडीचशेवर गेली, आणि मालकांनी ताईला प्रॉडक्शन मॅनेजर केलं. चार लाईन, दोन शिफ्ट, काचेची केबिन. पहिल्या दिवशी ती डबा घेऊन नेहमीच्या टेबलावर गेली. चाललेलं बोलणं तुटलं. कुणीतरी सरकून जागा दिली, जरा जास्तच. "अगं बायांनो, हिला काय शिंगं फुटलीत का?" ठसका म्हणाली. सगळ्या हसल्या, पण जेवल्या पाहुण्यासमोर जेवावं तशाच. चार-पाच दिवसांनी ताई केबिनमध्ये जेवायला लागली. काम फार आहे, असं तिने स्वतःलाच सांगितलं.

घरीही बोलायला कुणी नव्हतं. लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात. फोनवर विचारायची, "आई, जेवलीस? काय विशेष?"

"जेवले. विशेष काय असणार?"

फोन ठेवला की फ्रिजची घरघर ऐकू यायची.

त्या महिन्यात मोठी मागणी आली. ताईनेच एका लाईनचा दिवसाचा आकडा सहा हजार पाकिटांवरून आठ हजारांवर नेला. तिथे पाकिटं बंद करायचं नवं सीलिंग मशीन आलं होतं, जमेल असं तिला वाटलं. ठसका त्या लाईनची प्रमुख होती. दर तासाला दहा पाकिटं घ्यायची, त्यांत निळं पाणी सोडायचं, सीलमधून रंग झिरपत नाही ना ते बघायचं आणि रजिस्टरमध्ये सही करायची, हे तिचं काम.

मंगळवारी सकाळी माल निर्जंतुक करायला निघायच्या आधी ताईने सवयीने पाच पाकिटं उचलून तपासली. दोन पाकिटांच्या कडेतून निळ्या रेघा बाहेर आल्या. रंग बाहेर येतो तिथून जंतू आत जाऊ शकतात, आणि असली नळी कुणाच्या तरी शिरेला लागणार होती. तिने माल थांबवला आणि रजिस्टर उघडलं. सोमवारचे आठही रकाने 'ठीक'. एकाच दमात लिहिल्यासारखे. तीन वाजताही 'ठीक', पुढे सही. सोमवारी पावणेतीन ते पावणेचार मशीन बंद होतं. दुरुस्ती चालू असताना ताई स्वतः तिथे उभी होती.

तिने ठसकाला केबिनमध्ये बोलावलं.

"तीन वाजता काय तपासलंस?"

ठसकाने रजिस्टरकडे बघितलंही नाही. "काही नाही. दिवसभरात दोनदा तपासलं. बाकीच्या सह्या शेवटी केल्या."

"का?"

"तीन बायका नवीन आहेत. त्यांना शिकवू, मशीनकडे बघू, की निळं पाणी घेऊन बसू? आकडा तूच वाढवलास ना?"

"मला येऊन सांगायचं होतंस."

"आले होते की. दोनदा. तू मीटिंगमध्ये होतीस. काचेतून हात केलास, नंतर ये म्हणून."

ताईला तो हात आठवला. कुणाला केला होता, ते तेव्हा तिने बघितलंही नव्हतं.

"मग आता?" ठसकाने विचारलं. "आपल्यातच ठेवशील, की वर सांगशील?"

ताईने रजिस्टर मिटलं. "सांगावं लागेल गं."

"बरं," म्हणून ठसका उठली. जाताना तिने खुर्ची नीट आत सरकवली. इतकी वर्षं ती कधी सरकवत नसे.

ताईने अहवालात खोट्या सह्यांबद्दल लिहिलं. आणि त्याच्याही आधी, पहिल्या ओळीत, आकडा मी वाढवला, माणसं वाढवली नाहीत, असं लिहिलं.

"पहिली ओळ नसती तरी चाललं असतं," मालक म्हणाले.

"मला नसतं चाललं."

आठ हजार पाकिटं उघडून नळ्या नव्या पाकिटांत भरायचं ठरलं. प्रत्येक लाईनवर फक्त तपासणीसाठी एक माणूस मिळाला. ठसकाचा सहीचा अधिकार गेला, तिला बाहेरच्या हॉलमध्ये खोकी भरायला पाठवलं. तिची नोकरी ताईने मालकांशी वाद घालून वाचवली होती. पण ते सांगायचं तरी कसं? उपकार मोजून दाखवल्यासारखं झालं असतं.

रविवारी सुट्टीच्या दिवशी ताई टोपी, मास्क, हातमोजे चढवून उरलेली पाकिटं उघडायला बसली. थोड्या वेळाने समोर कुणीतरी येऊन बसलं. मास्कच्या वर नुसते डोळे, पण तेवढे पुरे होते. पाकीट सोलायचं, नळी ट्रेमध्ये, रिकामं पाकीट पिंपात. दोघींचे हात आपोआप एका लयीत चालायला लागले. आता ही काहीतरी वात्रट बोलेल, असं ताईला सारखं वाटत राहिलं.

शेवटचा ट्रे भरल्यावर ठसका म्हणाली, "तू केलंस ते बरोबर होतं. मी तुझ्या जागी असते तर केलं नसतं. पण बरोबर होतं."

"अगं, ऐक ना..."

"नको. मला सध्या तुझ्याशी बोलायला जमत नाही. जमलं की बोलेन."

त्याला आता आठ महिने झाले. पाचवी लाईन सुरू झाली. जिन्यात समोरासमोर आल्या की दोघी मान हलवतात. दर गुरुवारी सकाळी एक तास ताई केबिनचं दार उघडं ठेवते. त्या वेळात मीटिंग घेत नाही. लोक येतात, रजेचं सांगतात, हातमोजे घट्ट होतात म्हणतात. ठसका आलेली नाही.

गेल्या गुरुवारी कुणीच आलं नाही. ताई तासभर दाराकडे बघत बसली, मग उठून पाचव्या लाईनवर गेली. तिला येताना बघून तिथल्या नवीन बायका सावरून बसल्या.