तीन खोल्यांची बेरीज

नरहरराव बॉयलर इन्स्पेक्टर होते. आयुष्यभर दुसऱ्यांचे बॉयलर ठोकून-वाजवून पास-नापास केले. पण स्वतःच्या घरासाठी एक निवडायला त्यांना चार वर्षं पुरली नाहीत.

छप्पन साली राजधानी नागपूरहून भोपाळला हलली. फायली आल्या, फायलींमागून माणसं आली, आणि माणसांबरोबर नरहररावांच्या पत्नीचे, मनोरमाबाईंचे, गुडघे आले. नागपुरात मुकाट्याने चालणारे ते गुडघे इथल्या पहिल्याच हिवाळ्यात रुसले. सकाळी दहापर्यंत बाईंना पलंगावरून उठवेना. तेव्हा नरहररावांनी रायसेन रस्त्याकडच्या नव्या घरात भिंतींमधून गरम पाण्याचे नळ फिरवायचं मनावर घेतलं. कुठल्याशा जुन्या कोठीच्या लिलावातून बिडाच्या उभ्या पोकळ नळ्यांचे तीन जाडजूड संच आणले. त्यांतून गरम पाणी फिरलं की खोली तापायची. मनोरमाबाई त्यांना ‘फासळ्या’ म्हणत. एक बाईंच्या खोलीत, एक बैठकीत, एक न्हाणीघरात. तिन्हींना वेगवेगळे कॉक, हवी ती खोली सुरू करावी, नको ती बंद. सगळं बसलं. बॉयलर तेवढा राहिला, आणि श्रावणात नरहररावच गेले.

आता साठ सालचा डिसेंबर उजाडला होता आणि नागपूरहून नीळकंठमामा बहिणीला न्यायला आले होते. ट्रंक भरून तयार होती.

“अक्का, शनिवारची गाडी. तिकडे ऊन आहे, माणसं आहेत. इथे काय आहे? फासळ्या!”

“सुची आहे ना इथे,” मनोरमाबाई म्हणाल्या. “तिचं कॉलेज आहे. पण निळू, खरं सांगते, सकाळी उठता आलं तर मी कशाला येत्ये? शनिवारपर्यंत बघू.”

त्यांच्या लेकीने, सुचेताने, हे स्वयंपाकघरातून ऐकलं. ती कॉलेजात इतिहास शिकवायची, मोजकं बोलायची. वडील गेल्यापासून घरात दोनच माणसं होती. शनिवारनंतर एकच उरणार होतं.

त्याच दुपारी तिने वडिलांची वही काढली. रशीदमियाँनाही बोलावलं. नळ त्यांनीच बसवले होते. हल्ली ते बरखेड्याला नव्या क्वार्टरांच्या कामावर होते. त्यांच्या दुकानात दोन बॉयलर शिल्लक होते, म्हणाले. एक मोठा, पुरुषभर उंच, कुठल्याशा वसतिगृहासाठी मागवलेला आणि पडून राहिलेला. दुसरा कमरेइतका.

“मोठाच आण,” मामांनी निकाल दिला. “घर तीन खोल्यांचं आहे की नाही?”

रशीदमियाँनी पानाचा तोबरा गालात सरकवला आणि भोपाळी हेल काढला. “को खाँ, दो पियाली चाय के वास्ते शादी की देग चढ़ाओगे? एकच कॉक उघडा असला ना, तर एवढी आग जाणार कुठे? पाणी उकळून माळ्यावरच्या टाकीतून उडेल, आणि सीधा आपके सर पे।”

“आणि छोटा पुरला नाही तर?”

“वो साहब जानते थे,” रशीदमियाँ म्हणाले आणि त्यांनी सुचेतापुढच्या वहीकडे बोट दाखवलं.

वहीत सगळं होतं. कोणत्या भिंतीला ऊन, खिडक्या किती, छत केवढं, आणि त्यावरून प्रत्येक खोलीला किती उष्णता लागेल त्याचा आकडा. आईची खोली ११. बैठक १४. न्हाणीघर ७. खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं १८, आणि त्याखाली ‘निवड’ असं लिहून पुढे कोरी जागा.

मामांनी चष्मा वर सारला. “अकरा, चौदा, सात. बत्तीस होतात! भाऊजींची बेरीज चुकली की गं.”

“बाबांची बेरीज चुकत नसे.”

“शेवटी शेवटी माणूस थकतो, सुचे.”

तिने आकडे पुन्हा मिळवून पाहिले. त्याच मापात छोट्या बॉयलरची ताकद वीस होती, मोठ्याची चाळीस. बत्तीस खरे असतील तर छोटा आणून आई गारठेल आणि नागपूरला जाईल. रशीदमियाँ उद्या सकाळी कोणता ते विचारायला येणार होते.

संध्याकाळी मनोरमाबाई काठी टेकत बैठकीत आल्या. येताना खोलीतला दिवा मालवला, दार ओढून घेतलं.

“असू दे की दिवा, अक्का. परत जाताना अडखळशील.”

“माणूस नसलेल्या खोलीत दिवा ठेवला तर हे उठून मालवून यायचे,” बाई म्हणाल्या. “जेवता जेवतासुद्धा. हात खरकटा, डाव्या हाताने बटण.”

सुचेता हसली. श्रावणानंतर पहिल्यांदाच तिला हसताना पाहून मामा चपापले. तिने वही ओढली. सकाळी आई तिच्या खोलीत आणि न्हाणीघरात. बैठकीत तेव्हा कुणी नसतं. अकरा आणि सात, अठरा. संध्याकाळी सगळे बैठकीत, बाकी दोन्ही बंद. चौदा. बाबांनी खोल्या मोजल्याच नव्हत्या. कोण कधी कुठे बसतं ते मोजलं होतं.

“मामा, छोटा आणायचा.”

“आणि गार पडली तर?”

“तर ती तुमच्याबरोबर येईल. ट्रंक मी उचलून देईन.”

शुक्रवारी दिवसभर परसात ठोकाठोक चालली. संध्याकाळी रशीदमियाँनी कोळसे घातले, बैठकीतली फासळी हाताला चटका देऊ लागली आणि मामा “ठीक आहे, ठीक आहे” म्हणत तिच्याजवळच अंथरूण घालून झोपले.

पहाटे पाचला सुचेता उठली. निखारे चाळवून कोळसे घातले. बैठकीचा कॉक बंद केला, बाकीचे दोन उघडले आणि हात पाठीमागे बांधून परसात उभी राहिली. नळातून पाणी कुजबुजत वर चढलं.

साडेसहाला बैठकीतून रजईत गुंडाळलेले मामा कुडकुडत बाहेर पडले आणि थेट बहिणीच्या खोलीत शिरून फासळीला पाठ लावून उभे राहिले.

“सुचे, माझा कॉक उघड गं!”

“आत्ता नाही, मामा. बेरीज बिघडेल.”

“निळू, सरक बाजूला,” मनोरमाबाई म्हणाल्या. त्या उभ्या होत्या. काठी पलंगाला टेकलेली होती. “वाट अडवू नकोस, चहा टाकायचाय मला. आणि हे बघ, आज गाडीला जाशील ना, तर त्याआधी ती ट्रंक तेवढी उघडून ठेव. माझी जाड लुगडी आहेत तिच्यात. मला लागतील.”

सुचेताने वही उघडली, ‘निवड’च्या पुढे वडिलांच्याच पेन्सिलीने ‘छोटा’ असं लिहिलं आणि चहाला गेली.

“माझ्या खोलीचा कॉक बंद केलास का?” आईने विचारलं. “खोलीत आता कुणी नाही.”

“मामा आहेत.”

“मग राहू दे.”