हिलालआबांची तिसरी कॉफी

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि एक आवाज मनात आणा. खटाखट, खटाखट. एकाच पत्र्याखाली शंभर लूम, म्हणजे कापड विणायचे यंत्रमाग, चालू आहेत. शेजारच्याचे ओठ हलताना दिसतात, शब्द मात्र कानापर्यंत पोचत नाही. त्या आवाजात हिलालआबांनी चाळीस वर्षं काढली. आता उघडा डोळे. डिंडोलीतल्या त्यांच्या खोलीत उतरतं ऊन फरशीवर पसरलं आहे आणि त्यांची दहा वर्षांची नात मयुरी कप धरून समोर उभी आहे.

आजची ती तिसरी कॉफी.

या घरात पूर्वी चहाच व्हायचा. दिवाळीनंतर मयुरीची आजी, शोभाबाई, गेली. रात्री सगळ्यांसारखी झोपली आणि सकाळी उठलीच नाही. पुढच्या आठवड्यात शाळेत टीचरनी बातमी वाचून दाखवली की रोज कॉफी पिणारी माणसं जरा जास्त जगतात, असं शास्त्रज्ञांना दिसलं आहे. ते कॉफीमुळेच, असं अजून कोणी छातीठोकपणे सांगत नाही, हेही त्या म्हणाल्या. पण तोवर मयुरी मनाने घरी पोचली होती.

तेव्हापासून सकाळी एक, शाळेतून आल्यावर एक आणि ऊन उतरताना एक. आबा कॉफी औषधासारखी प्यायचे. कप रिकामा होईपर्यंत ती समोरून हलत नसे. रात्रभर ते पत्र्याकडे बघत पडून असतात, हे त्यांनी तिला कधी सांगितलं नव्हतं. आज मात्र हातातला कप कलला आणि कॉफी बशीत सांडली.

"तिसरी नको, बेटा," आबा म्हणाले. "रातले डोळाच लागत नही."

"नको लागू दे. आजी झोपमाच गयी ना."

हे ती अगदी हळू बोलली. लूमने आबांचे कान केव्हाच नेले होते, पण ओठ वाचायलाही लूमनेच शिकवलं होतं.

त्यांनी कप खाली ठेवला. मग तिला जवळ बसवून कारखान्यातलं सांगू लागले. चालू लूम सोडून जाता येत नसे. डोळे फारच जड झाले की ते शेजारच्या लूमवरच्या आनंदाकडे नुसते बघायचे. आनंदा छातीवर तळहात ठेवायचा. म्हणजे, जा, मी आहे. मग आबा कापडाच्या ताग्यांच्या ढिगाला दहा मिनिटं पाठ टेकायचे आणि त्यांच्या लूमवर तुटलेला धागा आनंदा जोडायचा.

"आनि झोपेल माणूस उठनाच नही तर?" मयुरीने विचारलं.

आबांनी तिच्या केसांवरून हात फिरवला. "तरी बी लूम चालू राहस, बेटा. शेजारी राहस ना."

कॉफीवर साय धरली होती. आबांच्या पापण्या मिटू लागल्या. त्यांनी एकदा मयुरीकडे बघितलं, नुसतंच.

तिने कप बाजूला सरकवला आणि तळहात छातीवर ठेवला.

आबांनी डोळे मिटले. ऊन फरशीवरून भिंतीवर चढलं, तिची आई साड्यांना टिकल्या लावायच्या कामावरून परत आली, तरी मयुरीचा हात तिथेच होता.