पेडल आणि हुआने

एलिओदोरो तापुयिमाचं गिटारचं पेडल म्हणजे मासळीचा रिकामा गोल डबा होता. आत जुन्या रेडिओची आतडी, वर एक बटण. त्यावर पाय ठेवला की गिटारचा आवाज असा फाटायचा की नदीकाठच्या इकितोस गावची निम्मी पोरं नाचायला उठायची. डबा मात्र गंजका होता आणि तिथंच घोडं अडलं.

बँडचे मालक डॉन तेओबाल्दो त्याला म्हणाले, "बाबा रे, आपण सगळे पोपटी सुटात आणि तुझ्या पायाशी हा गंजका डबा. लोक भिकाऱ्याचा समजून त्यात नाणी टाकतात."

"वाजतो तर झकास, डॉन."

"वाजू दे की. दिसतो कसा? सान हुआनच्या सणाला हा रंगवलेला दिसला नाही, तर गिटार माझ्या भाच्याकडे आणि तुझ्या हातात खुळखुळा."

भाच्याकडे दुकानातलं चकचकीत पेडल होतं. एलिओदोरोकडे होता शेजारच्या रिक्षाचा उरलेला पोपटी रंग, बायकोच्या नेलपॉलिशचा ब्रश आणि झिजलेला पॉलिशपेपर. त्यानं डबा घासला, रंग फासला आणि अंगणात वाळत ठेवला. सकाळी बघतो तर गावचे सगळे डास त्यावर चिकटलेले. डब्याला दाढीमिशा फुटल्या होत्या.

पुन्हा घासला, पुन्हा रंगवला. या खेपेला त्यानं डोकं चालवलं. सासूबाई, डोन्या हर्मेलिंडा, सणाचे हुआने करायला बसल्या होत्या. हळदीचा भात, मधे कोंबडीचा तुकडा, अंडं, एक ऑलिव्ह, सगळं केळीसारख्या बिहाओच्या पानात घालून वरून गाठ. त्यातलंच एक पान त्यानं उचललं, रंगाला चिकटू नये म्हणून आतून चरबी चोपडली, डबा गुंडाळला आणि धुरावर सुकायला चुलीवरच्या दांडीला टांगला. शिजलेले हुआनेही त्याच दांडीला टांगलेले होते, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. आलं असतं, तर सांगण्यासारखं काही उरलं नसतं.

सणाच्या दिवशी सगळा गाव नदीकाठी लोटला. एलिओदोरोनं दांडीवरचं आपलं गाठोडं उचलून काखेत मारलं. सासूबाईंनी उरलेले टोपलीत भरले आणि जावयाचं भलं व्हावं म्हणून त्यातला सगळ्यात वजनदार डॉन तेओबाल्दोंना नेऊन दिला.

मंचावर एलिओदोरोनं पान सोडलं. आत पिवळाधमक भात, वर अंडं त्याच्याकडे बघतंय.

"पेडल कुठंय?" भाचा खालून म्हणाला. त्यानं खुळखुळा बरोबरच आणला होता.

तेवढ्यात मंचाच्या कडेला कट्कन आवाज झाला. डॉन तेओबाल्दोंनी गर्दीकडे हात हलवत, न बघताच पहिला घास घेतला होता. ते गाल धरून हळूच म्हणाले, "डोन्या, भात जरा कच्चा राहिलाय."

एलिओदोरो काय ते समजला. पण ढोल सुरू झाला होता आणि भाचा मंचाची पायरी चढत होता. त्यानं डोळे मिटले, गिटारची वायर भातात एका बाजूनं खुपसली, स्पीकरची दुसऱ्या बाजूनं, आणि वर पाय दिला.

आता सासूबाईंचा हात मिठाला सढळ. त्या ओल्या खारट भातातून जो आवाज निघाला, तो गरम होता, तुपकट होता आणि शेवटी किंचित आंबट. ऑलिव्हवर टाच पडली की किंचाळायचा, कोंबडीवर पडली की गुरगुरायचा. म्हाताऱ्या काठ्या टाकून नाचल्या. नदीतले गुलाबी डॉल्फिन सणाला, डोक्यावरचं भोक झाकायला टोपी घालून, माणसांत मिसळतात असं सगळे म्हणतात. त्या दिवशी ते टोपी न घालताच बाहेर आले. भाचा खुळखुळा वाजवत होता आणि ते त्याचं त्यालाही कळलं नव्हतं.

गाणं संपल्यावर डॉन तेओबाल्दो पेडल हातात घेऊन आले. पोपटी रंगावर पानाची शीर न् शीर उमटली होती. एका कडेला दाताची खूण.

"दिसतं फार देखणं," ते म्हणाले. "हे पुढं ठेवायचं. आणि वाजवायला तो भातच."

एलिओदोरोनं भातातून पाय काढला. "म्हणजे गिटार माझ्याकडेच?"

"ते सासूबाईंना विचार. भात त्यांचा आहे."

डोन्या हर्मेलिंडांनी जावयाकडे बघितलं, मग त्याच्या बोटांवरच्या रंगाकडे.

"माझं कोंबड्यांचं खुराडं रंगवायचंय," त्या म्हणाल्या. "मग न्हाणीघर. मग पुढचं दार."

आजही तो बँड कुठं वाजवायला निघाला की सासूबाई पोपटी सुटात गाडीत सगळ्यांच्या पुढं बसतात, मांडीवर पातेलं. कार्यक्रम संपला की बँड आपला आवाज वाटून खातो. एलिओदोरो मागच्या बाकावर असतो, गिटार छातीशी धरून, आणि त्याच्या नखांतला रंग काही केल्या वाळत नाही.