देहदात्याचे नातेवाईक

रजिस्टरच्या तिसऱ्या रकान्यात, ‘देहदात्याशी नाते’ या शब्दांखाली, सतीशने ‘मुलगा’ असं लिहिलं आणि पेन झटकन टेबलावर ठेवून दिलं. टेबलामागच्या मुलीने त्याच्या आईच्या पांढऱ्या साडीवर, खांद्यापाशी, सॅटिनचं पिवळं फूल टाचलं. आई, मनकर्णाबाई, तोवर छापील यादीवर बोट ठेवून वाचत होत्या. शाळा चौथीपर्यंतच झालेली, त्यामुळे वाचन दमादमानं चालायचं.

“हे ‘कै.’ कशाला लिवलंय गं बाई?” त्यांनी मुलीला विचारलं. “आमच्यातली मान्सं कैलासाला जात न्हाईत. कालकथित लिव. कालकथित यशवंत तळभंडारे.”

मुलगी गोंधळली. मग तिने पेनानेच खाडाखोड केली.

“सॉरी हं, आजी.”

“सॉरी कशाला? तुला कुटं म्हाईत असणार.”

आई आज भलतीच खुशीत होती. सकाळी सहालाच तयार होऊन बसली होती आणि रिक्षा येईपर्यंत गल्लीतल्या चार जणींना तिने कार्यक्रमाची वेळ पुन्हा एकदा सांगितली होती. सतीशला तिच्याकडे बघवत नव्हतं.

विद्यापीठाचा वर्धापन दिन होता. दरवर्षी या दिवशी विद्यापीठ आपल्या मोठ्या माणसांना शाली पांघरवतं. सोलापुरात मार्च महिन्यात शाल पांघरणं ही शिक्षाच, पण सन्मान म्हटल्यावर कुणी तक्रार करत नाही. यंदाच्या यादीत अकलूजकडचे एक कारखानदार होते, अमेरिकेत नाव काढलेले हृदयरोगतज्ज्ञ माजी विद्यार्थी होते, ग्रंथालयाला इमारत बांधून देणारं एक घराणं होतं. आणि यादीच्या तळाशी होते वैद्यकीय महाविद्यालयाला देह देणाऱ्या सात जणांचे नातेवाईक.

त्या सातांपैकी सहांचे देह महाविद्यालयाला मिळाले होते. सातवा मिळालाच नव्हता. ही गोष्ट त्या आवारात दोघांनाच ठाऊक होती. एक सतीश, आणि दुसरे चनबसप्पा आण्णा. तेही आण्णा आले असले तर.

यशवंत तळभंडारे त्याच महाविद्यालयाच्या शरीररचना विभागात बत्तीस वर्षं शिपाई होते. देह उतरवून घ्यायचे, औषधात ठेवायचे, मुलांसाठी टेबलावर मांडायचे. लोक त्यांच्या हातचं पाणी प्यायला कचरायचे, आणि ही गोष्ट ते हसत हसत सांगायचे. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी स्वतःचाच देहदानाचा फॉर्म भरला. “बत्तीस वर्षं दुसऱ्यांना निजवलं तितं, आता माजीबी जागा धरून ठेवा,” असं विभागप्रमुखांना म्हणाले होते. पुढे लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. चार वर्षं मनकर्णाबाईंनी त्यांना लहान लेकरासारखं सांभाळलं.

मग दुधनीला दिलेल्या लेकीच्या, दीक्षाच्या, पोटात जुळी होती आणि त्यात अडचण आली. डॉक्टरांनी तिला पलंगावरून उतरायचं नाही असं सांगितलं. मनकर्णाबाईंना जावं लागलं. निघताना त्यांनी सतीशला आणि सून पूनमला दहादा बजावलं होतं. दर दोन तासांनी कूस बदला. पाठ कोरडी ठेवा. चादरीला सुरकुती नको.

पहिला आठवडा सतीशने गजर लावून केलं. मग कचेरीत मार्चअखेर आली, पूनम शिकवते त्या शाळेच्या परीक्षा आल्या, आणि दोन तासांचे सकाळ-संध्याकाळ झाले. सकाळ-संध्याकाळचं नुसतं सकाळ झालं. खोलीला वास यायला लागला तेव्हा त्यांनी दार लोटून घेतलं. दुधनीहून फोन आला की तो म्हणायचा, “बरे आहेत गं, तू नको काळजी करू.” बापाला बोलता येत नव्हतं, पण कळत सगळं होतं. आपल्या पाठीचं काय चाललंय हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? अशा पाठी त्यांनी बत्तीस वर्षं पाहिल्या होत्या. ते नुसते मुलाकडे बघत राहायचे. सतीशने त्या डोळ्यांकडे बघणं सोडून दिलं.

अडीच महिन्यांनी, एका दुपारी, ते गेले. गल्लीने हार घातले, बुद्धवंदना झाली आणि शववाहिका महाविद्यालयाकडे निघाली. तिथे आण्णा ड्यूटीवर होते, यशवंतांचे वीस वर्षांचे जोडीदार. त्यांनी चादर काढली, देह कुशीवर केला आणि तसेच धरून उभे राहिले. 

“यप्पा,” शेवटी ते म्हणाले. “हाडापत्तुर गेलंय की रं हे.”

तेव्हाचे डॉक्टर, पुढे बदलून गेलेले, आले आणि त्यांनी पाहिलं. इतक्या जखमा, इतका संसर्ग असलेला देह घेता येत नाही म्हणाले. चूक कुणाची नव्हती, नियम तसाच होता. सतीश त्याच शववाहिकेतून देह घेऊन परस्पर स्मशानात गेला. बरोबर कचेरीतले दोन मित्र होते, त्यांनी कुठे बोलायचं नाही असं कबूल केलं. संध्याकाळी आई दुधनीहून पोचली तेव्हा तो तिला म्हणाला, “आई, त्यांना वेळेत द्यावं लागतं. तुझ्यासाठी थांबता नाही आलं.” तिने मान डोलावली. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला शंभर माणसं आली आणि प्रत्येकाने सतीशची पाठ थोपटली.

त्या दिवशी निघताना आण्णांनी त्याला एवढंच सांगितलं होतं, “मी आपनहून वहिनीला सांगणार न्हाई. पण त्यांनी विचारलं तर खोटं बोलणार न्हाई. यशवंताच्या बाबतीत मला जमणार न्हाई.”

वर्ष होत आलं होतं. नव्या क्लार्कने नोंदणीचं रजिस्टर पाहिलं, यशवंत वारले हे त्याला कुणीतरी सांगितलं, आणि त्याने नाव यादीत घातलं. चौकशी कोण करतंय? त्यांच्याच विभागाचा माणूस, त्यांच्याच विभागाला देह. सत्काराचं कळवणारा फोन आईनेच उचलला होता. सतीश घरी आला तोवर गल्लीभर झालं होतं. चूक झालीय हे त्याला महाविद्यालयाला कळवता आलं असतं. तीन वेळा त्याने नंबर लावला आणि तीनही वेळा रिंग जायच्या आत कट केला.

सभागृहात ते पाचव्या रांगेत बसले. कार्यक्रम दहाचा होता, म्हणजे पावणेअकराला दीपप्रज्वलन झालं.

“सतीश,” आई हळूच म्हणाली, “अजून असतील का रे ते हितं? का झालं असंल पोरांचं शिकून?”

“दोन वर्षं ठेवतात.”

“मग असतील.” ती सावरून बसली. “कार्यक्रम झाला की त्या विभागाकडं जाऊ. आत न्हाई जायचं. भाईरनंच हात जोडते.”

“बघू.”

“बघू काय त्यात? आण्णाला इचारते, तो नेईल.”

“आण्णा रिटायर झाले आई. नसतील आले.”

“न्हाई कसे येणार? ह्यांचा सत्कार हाय.”

कारखानदारांचं मानपत्र वाचून झालं. हृदयरोगतज्ज्ञांनी भाषणात आपल्या वसतिगृहातल्या पिठल्याची आठवण काढली आणि सगळे हसले. मग एक प्राध्यापिका वाकून रांगारांगांतून आल्या. देहदात्यांच्या प्रत्येक कुटुंबातल्या एकाने विंगेत यावं, सूचना द्यायच्या आहेत, असं म्हणाल्या. सतीशला जायचं नव्हतं. “जा की,” आईने त्याला कोपराने ढोसलं.

विंगेत त्यांना शिकवलं गेलं. डावीकडच्या पायऱ्यांनी चढायचं. शाल घेताना कॅमेऱ्याकडे बघायचं. मानपत्र उलटं धरायचं नाही. सतीशने पडद्याच्या फटीतून पाहिलं. त्याच्या खुर्चीवर आण्णा बसले होते. राखाडी सफारी, कपाळावर विभूती. आई त्यांच्याकडे झुकून काहीतरी विचारत होती. आण्णांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते आणि ते जमिनीकडे बघत होते. मग त्यांचे ओठ हलले. फार वेळ हलले नाहीत.

तो परत आला तेव्हा आण्णा उठून मागच्या रांगेत गेले होते. आई समोर बघत होती. त्याने तिच्या चेहऱ्यावर काही सापडतंय का ते पाहिलं. काहीच नव्हतं. फक्त खांद्यावरचं पिवळं फूल तिने काढून मुठीत धरलं होतं.

“काय म्हणाले आण्णा?”

“काय म्हणणार? जुन्या गोष्टी.”

 कळलं असतं तर ती अशी बसली नसती, असं त्याने स्वतःला समजावलं. ती ओरडली असती, तिने ऊर बडवला असता. आपल्या आईला आपण ओळखतो.

“आणि आता,” निवेदकाचा आवाज भरून आला, “ज्या विभागाची बत्तीस वर्षं सेवा केली, त्याच विभागाच्या स्वाधीन ज्यांनी आपला देहही केला, ते कालकथित यशवंत तळभंडारे!”

त्या दिवसातल्या सगळ्यात मोठ्या टाळ्या त्यांना पडल्या. पांढऱ्या कोटातली विद्यार्थ्यांची अख्खी बाजू उभी राहिली. मनकर्णाबाई डावीकडच्या पायऱ्यांनी वर गेल्या. सतीश एक पाऊल मागे होता. कुलगुरूंनी शाल घातली, मानपत्र दिलं, आणि त्यांच्या काय मनात आलं कुणास ठाऊक, तिच्यासमोर माईक धरला.

“दोन शब्द बोला, आजी.”

 खाली चारशे माणसं होती, त्याच्या कचेरीतले साहेब होते, गल्लीतल्या चौघी होत्या.

आईने माईक दोन्ही हातांनी धरला.

“ह्यांनी कुनालाबी तंगडीला धरून वढलं न्हाई,” ती म्हणाली. “बेवारस असू दे, कुनी असू दे. पाठीखाली हात घालून उचलायचे. म्हणायचे, मेलेल्याला दुखत न्हाई हे आपल्याला कुनी सांगितलं?” ती पांढऱ्या कोटांकडे वळली.  “पोरांनो, तुमी डाक्टर व्हनार. जित्या मान्साची तरी पाठ बगत जावा. जय भीम.”

टाळ्या थांबेनात. कुलगुरू डोळे पुसत होते. सतीशही टाळ्या वाजवत होता.

बाहेर मांडवात जेवणाच्या रांगा लागल्या. लोक येऊन आईचे पाय धरत होते, सतीशशी हात मिळवत होते. “असा मुलगा लागतो,” त्याचे साहेब म्हणाले, “वडिलांची इच्छा पुरी करणारा.” सतीश हसला. 

वळून पाहिलं तर आई शेजारी नव्हती. मांडवाच्या टोकाला महाविद्यालयाने देहदानाच्या नोंदणीचं टेबल मांडलं होतं. तिथे ती खुर्चीवर बसून फॉर्मवर सही करत होती, जिभेचं टोक ओठांत धरून, एकेक अक्षर. शेजारी आण्णा उभे होते. साक्षीदार म्हणून त्यांची सही आधीच झाली होती.

 म्हणजे तिला कळलं नाही. आण्णांनी सांगितलं नाही. आणि तिला नवऱ्याच्या वाटेनेच जायचंय. या वेळी मी नीट करीन, त्याला वाटलं. या वेळी गजर चुकवणार नाही. खरंच वाटलं त्याला.

“आई, थांब. वारसाची सही लागते त्यावर,” तो पुढे होत म्हणाला. “दे, मी करतो.”

तिने फॉर्म त्याच्याकडे सरकवला नाही. स्वतःकडेही ओढला नाही. त्याला वाचता येईल असा तो टेबलावर पडला होता. ‘मृत्यूनंतर कळवणारे जवळचे नातेवाईक’ यापुढे तिने आपल्या गोलमटोल अक्षरांत दीक्षाचं नाव घातलं होतं. पत्ता दुधनीचा होता.

“दीक्षा कशी काय? ती तिकडे, इतक्या लांब. तू तर इथे…” त्याने आण्णांकडे पाहिलं. आण्णा दुसरीकडे बघत होते. “आई, अगं, घरी मी आहे ना. पूनम आहे.”

“हाय की.”

“मग?”

मनकर्णाबाईंनी अंगावरची शाल काढली, तिची नीट चौघडी केली आणि ती त्याच्या हातावर ठेवली.

“पाठीला जखमा असल्या की घेत न्हाईत म्हणं रं हे लोक,” त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. घरातलं मीठ संपलंय हे सांगावं तसं त्यांनी सांगितलं. “मला ह्यांच्यावानी माघारी यायचं न्हाई.”

रांगेतून कुणीतरी सतीशला हाक मारून फोटोसाठी बोलावत होतं. तो हलला नाही. आईने खुर्चीच्या हाताला धरून स्वतःला उठवलं, मानपत्र टेबलावरच ठेवलं आणि पदर सारखा केला.

“आण्णा,” त्यांनी विचारलं, “दुदनीची गाडी कितीला हाय?”