कळसच्या चौकातला दुसरा फ्लेक्स

संध्याकाळचे सात वाजले की माधवी अंगात जाड कोट घालायची, खिडकीचा पडदा ओढून घ्यायची आणि ट्यूबलाइटखाली पांढऱ्या भिंतीला टेकून बसायची. मग इंदापूर तालुक्यातल्या कळसला, सासऱ्यांना व्हिडिओ कॉल लावायची.

"आबा, इथं दुपारचा दीड वाजलाय. थंडी फार आहे हो!"

असं म्हणताना तिच्या मानेवरून घाम ओघळत असे. कारण डॉक्टर माधवी गावडे इंग्लंडमध्ये नव्हतीच. ती बसली होती बारामतीत, भाड्याच्या एका खोलीत, कळसपासून जेमतेम तासाभराच्या वाटेवर!

हसू येतंय ना? येणारच. पण मंडळी, या बाईला त्या खोलीत कोंडलं कुणी, ते ऐकून घ्या आणि मग हसायचं की नाही ते ठरवा.

माधवीचा कळसला अठरा वर्षं दवाखाना होता. तरणी पोरं पुण्याला गेलेली, त्यामुळे बाकावर बसलेले असायचे ते बहुतेक म्हातारेच. कुणी पडलेलं, कुणाला झोप नाही, कुणाला लेकाचं नाव आठवत नाही. एक आजोबा भर दुपारी स्वतःच्या घराची वाट विसरून तिच्या दवाखान्यात आले, तेव्हा घरचे म्हणाले, "नाटकं करतोय म्हातारा." माधवीनं त्यांना ताकदीच्या गोळ्या दिल्या. त्याहून जास्त तिला येतच नव्हतं. ही गोष्ट तिच्या मनाला लागून राहिली. म्हातारपणाच्या आजारांचं खास शिक्षण घ्यायचं, तेही जिथं ते चांगलं मिळतं तिथं जाऊन, असं तिनं ठरवलं. वय होतं त्रेचाळीस.

मग काय विचारता! "आता या वयात?" हा प्रश्न तिला माहेरानं विचारला, शेजारानं विचारला, औषधाच्या दुकानदारानंसुद्धा विचारला. ती पहाटे उठून अभ्यास करायची. दोन परीक्षा होत्या, त्यातली दुसरी मँचेस्टरला. तिथं जाऊन ती पासही झाली. आनंदाच्या भरात तिनं नवऱ्याला, राजवर्धनला, फोन केला. आणि इथंच घोटाळा झाला.

त्या दोन परीक्षा म्हणजे तिथं डॉक्टर म्हणून नोंदणी करायचं फक्त दार. प्रशिक्षणाची जागा वेगळी, तिचा अर्ज वेगळा, मुलाखत वेगळी. पण आपल्याकडे अर्धी बातमी कानावर आली की फ्लेक्सवाल्याला फोन जातो! तिसऱ्या दिवशी कळसच्या चौकात वीस फुटी फ्लेक्स झळकला : 'लंडन येथे तज्ज्ञ डॉक्टर म्हणून निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' मध्ये माधवीचा फोटो आणि खाली काळे चष्मे घातलेले सोळा शुभेच्छुक. त्यातल्या पंधरांनी तिला आजवर 'या वयात?' हेच विचारलं होतं.

तिकडे माधवी व्हिसा संपेपर्यंत सहा महिने थांबली. एका रुग्णालयात नुसतं उभं राहून काम पाहायची परवानगी मिळाली होती. बरोबरची मुलं तिच्या लेकापेक्षा, शंभूराजपेक्षा, सात-आठ वर्षांनीच मोठी. ती जेवायला एकत्र जात, ही आपली कोपऱ्यात डबा उघडून बसे. एकेका जागेला शेकडो अर्ज, आणि हिच्या पदवीला वीस वर्षं उलटलेली. उत्तरं येत गेली, सगळी एकाच मायन्याची : आम्हांला खेद वाटतो.

ती परत आली. विमानतळावर राजवर्धन एकटाच न्यायला आला होता. गाडी सुरू करण्याआधी तो म्हणाला, "माधवी, फ्लेक्स अजून चौकातच आहे. असं कसं जायचं गावात? कारखान्यावर सगळे मला पेढे मागून गेलेत. थोडे महिने बारामतीत राहा. जागा मिळाली की परस्पर विमानात बसवतो तुला."

ती थकली होती. हो म्हणाली. त्या हो म्हणण्याला आता चार महिने झाले होते.

गुरुवारी राजवर्धन डबा घेऊन यायचा, अर्धा तास बसायचा. बाकीचे दिवस माधवीशी बोलायला कुणी नव्हतं. नाशिकच्या होस्टेलवरच्या शंभूराजलाही आई इंग्लंडात आहे असंच सांगितलेलं. भाजीला जाताना ती तोंडाला स्कार्फ गुंडाळायची, डोळे तेवढे उघडे. अर्ज भरायला लॅपटॉप उघडायची, वयाच्या रकान्यापाशी थांबायची आणि मिटून ठेवायची. आपण मेलो तरी गावाला इंग्लंडात मेलो असंच वाटेल, हाही विचार एकदा तिच्या मनात येऊन गेला.

आणि एक दिवस एस. टी. स्टँडवर तिला भामाबाई दिसली. कळसची, तिचीच जुनी पेशंट. हातात चिठ्ठी धरून म्हातारी येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होती, "ह्यो दवाखाना कुठं हाय ओ?" पाय सुजलेला, ओढत चाललेली. माधवी चार हातांवर उभी होती. चिठ्ठीवरचं नाव तिला दिसत होतं. नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरे होतं! पण तिनं स्कार्फ नीट केला आणि मान फिरवली. खोलीवर येऊन ती इतकी रडली, की त्या दिवशीचा कॉलही तिनं चुकवला.

दोन दिवसांनी संध्याकाळी ती कॉलसाठी कोट घालून बसली, तोच दारावर थाप पडली. दारात आबासाहेब! सत्तरी ओलांडलेले, डोक्याला टोपी, हातात डाळिंबांची पिशवी.



"आत तरी घेशील का न्हाय? का विलायतेचा परवाना लागतोय?" आबा म्हणाले आणि आत येऊन खुर्चीवर टेकले. "मागच्या आयतवारी तू बोलत हुतीस, तवा मागनं ट्रॅक्टर गेला. गाणं लावून, दोन ट्रॉल्या खडखडत. जल्म गेला माझा उसात, तेवढं कळंना व्हय मला? तिकडं बी ऊसतोड चालू झाली म्हनलं! मग राजवर्धनला धरला. गुरुवारचा डबा कुणाला जातो, सांग म्हनलं. सांगितलं त्यानं."

"आबा, मला माफ करा. मी हरले. मला जागा नाही मिळाली."

"न्हाय मिळाली, व्हय. पर त्यात माफी कसली?"

"गावाला काय तोंड दाखवू? आणि आबा, मी त्या भामाबाईला..." तिनं स्टँडवरची गोष्ट सांगितली. 

 आबांनी पिशवीतलं एक डाळिंब काढून टेबलावर ठेवलं.

"ही बाग मी लावली तवा साठ वर्षांचा हुतो. कृषी केंद्रात पोरासोरांत बसून शिकलो. हसली की लोकं. पयला मृग बहार धरला, पावसाच्या तोंडाचा, समदी फुलं गळाली. मग मी काय बारामतीत खोली घेतली का? चौकात बसून सांगितलं, औंदा बाग गेली माझी. तवा एक जण म्हनला, आबा, तुमचं पानी चुकलं. दुसरा म्हनला, छाटणी उशिरा झाली. म्होरल्या वर्साला हस्त बहार धरला, पाऊस सरतानाचा, त्यो उभा राहिला. मी झाकून ठेवलं असतं, तर मला कोन सांगायला येनार हुतं?"

"बागेचं वेगळं, आबा. माझं वय..."

"वयाचं मला नगो सांगू! मला येक सांग. उद्या शंभू नापास झाला आन् असाच कुठं खोली घिऊन लपून बसला, तर चालंल तुला?"

माधवी चटकन उठून उभी राहिली. "नाही! नाही आबा, कधीच नाही!"

"मग कोट काढ त्यो. घामानं भिजलीयास."

तिनं कोट काढून खुर्चीवर टाकला. किती दिवसांनी खिडकी उघडली, ते तिचं तिलाच आठवेना.

तिला घेऊन कळसला जाताना आबांनी, तिला विचारूनच, बारामतीत एक नवा फ्लेक्स छापून घेतला. राजवर्धननं तो पाहिला आणि कपाळाला हात लावला. "आबा, लोक हसतील हो!"

"हसू देत की. दोन दिस हसतील. तू ह्या पोरीला चार म्हैनं रडवलंस, त्याचं काय?"

 मग राजवर्धननंच शिडी आणली, जुना फ्लेक्स उतरवला आणि नवा बांधला. काळ्या चष्म्याचा एकही शुभेच्छुक त्यावर नव्हता. मजकूर एवढाच :

'आमच्या सूनबाई डॉ. माधवी यांना यंदा परदेशात शिक्षणाची जागा मिळाली नाही. वय पंचेचाळीस. पुन्हा अर्ज करणार आहेत. दवाखाना सोमवारपासून सुरू. आपला, आबासाहेब गावडे.'

लोक हसलेच. फोटो काढून इकडेतिकडे पाठवले. सोमवारी अकरा वाजेपर्यंत दवाखान्यात कुणी फिरकलं नाही. रिकाम्या बाकाकडे पाहत माधवी बसून राहिली. बारामतीच्या खोलीपेक्षा हे एकटेपण जास्त बोचत होतं.

मग उंबऱ्यात भामाबाई दिसली, पाय ओढत. मागे तिची नात प्रगती, मान खाली घातलेली.

माधवी तिला धरायला पुढे झाली. "भामाबाई, तुम्हांला सांगायचंय. त्या दिवशी बारामतीच्या स्टँडवर मी होते. मी मुद्दाम तोंड फिरवलं."

"ठावं हाय मला," भामाबाई बाकावर टेकत म्हणाली. "तुमच्या चपला वळखल्या मी. वाटलं, बाईंचं कायतरी लई दुखतंय, आपुन कशाला हाक मारा." मग तिनं नातीला पुढे ओढलं. "ही त्या डाक्टरकीच्या नीट परीक्षेत नापास झाली बगा. आमी गावात सांगितलं, मामाकडं गेलीया. पाच-सा म्हैनं मागल्या खोलीत हाय पोर. फ्लेक्स वाचला आन् आज दार उघडलं."

प्रगतीनं हळूच वर पाहिलं. "मॅडम, परत फॉर्म भरायची भीती नाही वाटत?"

"वाटते गं. फार वाटते," माधवी म्हणाली. "माझा अजून भरायचा राहिलाय. आधी आजीचा पाय बघू, मग आपण दोघी बसून भरू."

माधवीला जागा मिळाली का, हे तुम्ही विचाराल. अजून नाही. अर्ज मात्र गेलाय, वयाच्या रकान्यात पंचेचाळीस लिहून.

आणि आता आपल्याबद्दल दोन शब्द. आपण जिंकलेल्याच्या फोटोखाली आपला फोटो लावायला धावतो, आणि धडपडणाऱ्याला त्याचं वय विचारतो. मग हरलेली माणसं आपल्यालाच भिऊन मागल्या खोलीत लपतात. तुमच्या गल्लीत कुणी मामाकडे गेलेलं असेल, कुणी परदेशात असेल, तर एकदा चौकशी करा. ते माणूस तुमच्या भिंतीपलीकडेच बसलेलं असेल. दार वाजवा, त्याच्याजवळ बसा आणि एवढंच विचारा : पुन्हा कधी भरायचा अर्ज?