सकीनाची शेळी आणि माझी दुर्री

मित्रांनो, मी पत्त्यांचा एक जुना कॅट आहे. जुना म्हणालो म्हणून कीव करू नका. माझ्या राजांच्या मिशा अजून शाबूत आहेत.

माझा जन्म विलायतेतला. देवळाली कॅम्पातल्या एका साहेबाच्या कोटाच्या खिशातून मी नाशकात, खलील शिंप्याच्या दुकानात आलो. खलील प्रामाणिक. मला परत द्यायला गेला, तर साहेब म्हणाला, "ठेव तुलाच." वर त्याने पोकरही शिकवला. प्रत्येकाला पाच पाने. सुरुवातीला एकेक चिंचोका मधे टाकायचा. पाने बरी असली तर चिंचोके वाढवायचे, नसली तर तिथेच सोडायची. शेवटी ज्याची पाने भारी, त्याचे चिंचोके; बाकी सगळ्यांनी सोडली, तर उरलेल्याला ते पाने न दाखवताच मिळायचे. पण हे सोडणेच खलीलला जमत नसे.

शुक्रवारी दुकान बंद असे. नमाजानंतर टांगेवाला सोमा आणि कोर्टातले कारकून गंगाधरपंत खेळायला येत. खलील मोठा अगत्याचा माणूस. दारी आलेल्याला चहा पाजल्याशिवाय सोडायचा नाही, आणि हाती आलेल्या पानांनाही तोच न्याय! दुर्री येवो नाहीतर तिर्री, "आलेल्या पाहुण्याला परत कसं पाठवायचं?" म्हणत खेळायचा आणि हरायचा. माझ्या चौकटच्या दुर्रीचा कोपरा त्याच्याच अंगठ्याने दुमडला. ती दुर्री पाठीमागूनही ओळखू येई. मला फार राग येई त्याचा.

एकोणीसशे चौतीसच्या उन्हाळ्यात सोमाने त्याला डिवचले. "लावतो का चांदणी? मी घोड्याची घुंगुरमाळ लावतो. उन्हं उतरल्यावर बांग होईल, तवर ज्याचा ढीग मोठा, त्यानं जिंकलं."

चांदणी ही खलीलची बायको सकीना हिची शेळी. सिन्नरला माहेराहून आणलेली, करडू असताना बोटाने दूध पाजून वाढवलेली. खलील भरीस पडला आणि बघता बघता त्याच्यापुढे मूठभर चिंचोके उरले.

आत सकीनाने सारे ऐकले. डोक्यावरचा पदर सावरत ती बाहेर आली. "उठा," ती नवऱ्याला म्हणाली. "शेळी माझी, तर पानंही माझ्याच हातात."

"या भाबी," सोमा हसला. "तुमची पण हौस फिटू द्या."

चहा देता देता तिने खेळ केव्हाच हेरला होता. पहिली पाने पाहिली, सोडली. दुसरी सोडली. तिसरीही सोडली.

"भाबी, खेळायला बसल्या का चिंचोके वाटायला?" सोमा म्हणाला.

तिने चौथीही सोडली. मग तिच्याकडे माझे दोन राजे आले आणि तिने चिंचोके सारले. सोमाला खलीलची सवय. तो गुलामांच्या जोडीवर अडून बसला आणि चांगलाच आपटला. नंतर पुन्हा तिने बरेच डाव सोडले, आणि तीन राण्या आल्यावर पुन्हा सोमाला नागवले. दोघांचे ढीग बरोबरीला आले.

बांगेची वेळ झाली. शेवटची पाने वाटली. मित्रांनो, पाहतो तर काय! सकीनाच्या हातात तीच चौकटची दुर्री, आणि बाकी सगळा कचरा! जोडी नाही, चित्र नाही. तिने दुमडलेला कोपरा अंगठ्याखाली दाबून धरला. सोमाने मूठभर चिंचोके मधे टाकले. सकीनाने आपला सगळा ढीग पुढे सारला.

आपली पाने सोडून गंगाधरपंत हळूच म्हणाले, "सोमा, विचार कर हो. या बसल्या की काहीतरी असतंच."

सोमाने आपली दश्शीची जोडी पाहिली, तिचा चेहरा पाहिला, आणि पाने टाकून दिली. तेवढ्यात बांग झाली.

सकीनाने आपली पाने कुणाला दाखवली नाहीत. माझ्यात मिसळून टाकली. सोमाने मुकाट्याने माळ आणून दिली. तिने त्यातले एकच घुंगरू काढून घेतले. "बाकीची घेऊन जा, भाऊ. घोड्यानं काय पाप केलंय?"

तेव्हापासून खलील पाने सोडायला शिकला. पाहुण्यांना मात्र अजून सोडत नाही.

हल्ली मी बटणांच्या डब्यात असतो. मित्रांनो, खेळाल तेव्हा नको असलेले पान खुशाल सोडा, पण त्याचा कोपरा दुमडू नका. दर वेळी वर सकीनाचा अंगठा नसतो. दारातून चांदणी गेली, तिच्या गळ्यातले ते घुंगरू वाजले, की ती दुर्री माझ्या एक्क्यांनाही थोडे सरकायला लावते.