भावकीला पासवर्ड

पुण्याच्या कंपनीनं उदयसिंहला घरी बसवलं, तेव्हा गावात येऊन त्यानं सांगितलं की आपणच नोकरीला लाथ मारली. फलटणच्या कडेचं गाव, तिथं कुणापासून काही लपतं थोडंच. पण घर मोठं, ऊस मोठा, म्हणून तोंडावर कुणी काही बोललं नाही.

मग त्यानं कारखान्याच्या माणसांना नेणारी एक जुनी ट्रॅव्हलर आणली. आतल्या सीटा उपटल्या, फळ्या ठोकून पलंग केला, ओटा केला, आणि हात धुतला तर कोपर बाहेर राहील एवढं बेसिन बसवलं. टपावर सोलरच्या पाट्या टाकल्या. रंग असा दिला की म्हशी बिथराव्यात. आणि मागच्या काचेवर लिहिलं, 'जिथं रेंज संपते, तिथं आपण सुरू!' ही गाडी शहरातल्या लोकांना फिरायला भाड्यानं द्यायची, असा धंदा त्यानं काढला होता.

"ऊसतोडीवाली माणसं पाचटाच्या कोपीत ऱ्हात्यात, ती काय हौस म्हणून न्हवं," त्याची आई मनुबाई म्हणाली. "तुला चांगलं बांधलेलं घर हाय, तर तुला हौस सुचली व्हय?"

"आये, शेरातली लोकं असल्या गाडीसाठी येडी झाल्याती."

"शाणी असती तर तुझ्याकडं कशाला आली असती?"

मनुबाईच्या जिभेला गावात सगळे भिऊन होते. थोरला मुलगा जयराज सैन्यात, लडाखला. धाकटा हा असा. नवरा जाऊन पुष्कळ दिवस झाले होते, आणि बोलायचं ते आता पोटात ठेवायचं नाही, असं तिनं तेव्हापासून ठरवलं होतं.

गाडीतलं सगळ्यात मोठं कौतुक म्हणजे उपग्रहाचं इंटरनेट. खोक्यातून एक पांढरी, सपाट वस्तू निघाली. जेवायला बसायच्या पाटाएवढी. तिला उदयसिंह डिश म्हणायचा. तिला तीन पायांचं स्टँड, लांब केबल, आणि आत ठेवायचा एक डबा. ही आभाळाकडं तोंड करून ठेवली की सरळ उपग्रहाशी बोलते, मोबाईलचा टॉवर लागतच नाही, असं तो येईल त्याला सांगायचा.

"तू घरात एकाशी सरळ बोलत न्हाईस," मनुबाई म्हणाली, "आन् ही आभाळाशी बोलणार."

इथवर सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण उदयसिंहनं साक्षीला मधे ओढलं.

साक्षी ही जयराजची मुलगी. कराडला नर्सिंग शिकली, तिथल्याच एका दवाखान्यात रात्रपाळ्या केल्या, आणि वर साताऱ्याला जर्मन भाषेचा क्लास लावला. जर्मनीतल्या एका दवाखान्याला नर्सा पाहिजे होत्या. परीक्षा झाली, कागद गेले, आता शेवटची मुलाखत तेवढी उरली होती. तिकडची बाई व्हिडिओवर प्रश्न विचारणार होती. दुपारी तीनची वेळ दिली होती. ही वेळ हुकली तर नाव गळणार, पुन्हा बोलावणं नाही. पोरगी महिनाभर जेवताना सुद्धा पुटपुटत होती.

"मुलाखत आपल्या गाडीतनं द्यायची," उदयसिंहनं जाहीर केलं. "कोयनानगरला. जिथं फोनला एक कांडी येत न्हाई तिथनं. मागं डोंगार, म्होरं जर्मनी. मी फोनवर लाइव्ह दाखवतो. एवढी एक जाहिरात झाली की गाडीला रांग लागंल."

"घरात फोन चांगला चालतोय की रं."

"घरातनं कोण बी देतंय."

साक्षीला मुलाखत घरातनंच द्यायची होती. बाप लडाखला, आणि गावी आल्यापासून काकानंच तिला क्लासला नेलं-आणलं होतं. त्याला नाही कसं म्हणायचं? मनुबाईला ते कळत होतं, म्हणून तर तिचा जास्त जळफळाट होत होता. "मग मी बी येती," ती म्हणाली. "पोरीची मुलाखत हाय का तुझी वरात, ते बघायला कुणीतरी पायजे."

वरातच निघाली. भावकीतले थोरले आप्पा, म्हणजे नाथाजी, मनुबाईचे थोरले दीर, त्यांना बातमी लागली. नवी गाडी पहिल्या मोठ्या प्रवासाला निघते आणि आप्पांना विचारत नाहीत म्हणजे काय? आप्पा आले. आप्पा आले म्हणून त्यांचे चुलत भाऊ आले. तासगावहून आप्पांचा जावई शिवतेज, बेदाण्याचा व्यापारी, वाटेत पाटणला येऊन मिळाला. त्याच्या गाडीत त्याचे चार मित्र. तीन जीपगाड्या आणि मधे ही चितारलेली ट्रॅव्हलर. बघणाऱ्याला वाटावं, आमदारकीचा फॉर्म भरायला चालले आहेत.

पाटणला पाव्हण्यांचं घर रस्त्यावरच. तिथून तसंच पुढं गेलं तर दहा वर्षं बोलणी खावी लागतात, म्हणून उतरले. तिथं गाडीचा सत्कार झाला. चाकाखाली लिंबू, चाकाजवळ नारळ, उदयसिंहला फेटा, आप्पांना फेटा, शिवतेजला फेटा. मग पाव्हण्यांनी विचारलं, "ती डिश कुठाय?" डिश बाहेर काढून खुर्चीत बसवली. तिला हळद-कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आणि वर शाल पांघरली. सगळे तिच्या शेजारी उभे राहून फोटो काढायला लागले.

साक्षी गाडीतून खाली सुद्धा उतरली नव्हती. "आज्जी, दीड वाजून गेला," ती म्हणाली.

मनुबाईनं पोराला हाक मारली. "आरं ए! तिला काय बाळंतपणाची शाल पांघरलीया काय? चल की आता!"

कोयनानगरच्या अलीकडं, वळणावळणाचा रस्ता संपून एक मोकळं माळरान लागतं, तिथं उदयसिंहनं गाडी थांबवली. थांबवली कुठं, तर माळावर जे एकुलतं एक मोठं जांभळाचं झाड होतं, त्याच्या खाली. आमच्याकडच्या माणसाला मोकळं रान आणि एक झाड दाखवा, तो गाडी झाडाखालीच लावणार. उन्हात रंग उडतो ना.

स्टँड मांडलं, केबल ओढली, बॅटरीचं बटण दाबलं. फोनवर लाल खूण आली. डिशला आभाळ दिसत नव्हतं.

"वरती झाड हाय काका," साक्षी म्हणाली.

"झाड काय अडवतंय? उपग्रह म्हंजी काय लहान हाय का?"

पाच-दहा मिनिटं त्यानं डिश इकडं फिरव, तिकडं फिरव केलं. मग शिवतेजनं सुचवलं की शाल काढून बघावी. तोवर ती शाल डिशवरच होती. पाव्हण्यांनी मानानं घातलेली वस्तू अशी कशी काढायची, म्हणून कुणी हात लावला नव्हता. शेवटी मनुबाईनं ती ओढून काढली आणि हार जांभळाच्या फांदीला लटकवला. डिश उचलून उन्हात नेऊन ठेवली, तेव्हा कुठं लाल खूण गेली. डबा लुकलुकला. "लागलं! लागलं!" सगळे असे ओरडले, जणू बोअरला पाणी लागलं.

साक्षीनं लॅपटॉप उघडला. केस सारखे केले, पाणी प्याली. अजून थोडा वेळ होता. चाचणी म्हणून कराडच्या मैत्रिणीला व्हिडिओ लावला, तो काचेसारखा स्वच्छ दिसला. मनुबाईला सुद्धा कबूल करावं लागलं, की पाट काम करतोय.

आणि तिथंच घोळ झाला. जीपच्या बॉनेटवर बसलेल्या आप्पांनी फोन वर करून विचारलं, "उदय, आमाला बी बघू दे की तुझं जर्मनीचं इंटरनेट. पासवर्ड काय हाय?"

आप्पांना दिला. मग चुलत चुलत्याला दिला. एकाला दिला आणि दुसऱ्याला नाही दिला तर तो दिवाळीला घरी येत नाही, म्हणून सगळ्यांना दिला. शिवतेजच्या मित्रांनी तर मागितलाच नाही, शिवतेजनं त्यांना चहा वाटावा तसा वाटून टाकला. त्या दिवशी कुठंतरी बैलगाड्यांच्या मोठ्या शर्यती होत्या, त्या फोनवर थेट दाखवत होते. माळावर जेवढी माणसं तेवढ्या शर्यती सुरू झाल्या. वर उदयसिंहचं स्वतःचं लाइव्ह: "नमस्कार मंडळी, आपण आता अशा ठिकाणी हाय की जिथं..."

तीन वाजता जर्मनीची बाई पडद्यावर आली. पांढरे केस, चष्मा. हसली. साक्षी बोलायला लागली आणि पहिल्याच वाक्याला बाईचं तोंड उघडं राहिलं ते तसंच. मग आवाज आला, तोंड नाही. मग काहीच नाही. पुन्हा आली, काहीतरी विचारलं, पुन्हा थिजली.

साक्षी दारात आली. "काका, समद्यांचं बंद करा ना. ती बाई म्हणती, पुन्हा तुटलं तर आपण इथंच थांबूया."

उदयसिंहनं आप्पांकडं बघितलं. आप्पा मान खाली घालून फोनमधे. "अगं, कसं सांगायचं? थोरली माणसं हायत," तो कुजबुजला. "फायनल चाललीया. संपंल आता."

"तुझ्या फोनवरनं पासवर्ड बदल," मनुबाई म्हणाली.

"आये, माझं लाइव्ह चालू हाय!"

आता मनुबाईची अडचण अशी होती. लग्न होऊन आल्यापासून ती नाथाजी आप्पांशी समोरून एक शब्द बोललेली नव्हती. थोरला दीर समोर आला की पदर पुढं ओढायचा, बाजूला व्हायचं, आणि काही सांगायचंच झालं तर पोराच्या तोंडून सांगायचं. गावाला जिभेनं भाजून काढणारी बाई, पण ही एक रीत तिनं मोडली नव्हती. नवरा मेला त्या दिवशी सुद्धा आप्पांना निरोप शेजारणीकरवी गेला होता.

म्हणून तिनं आधी रीतीनंच सांगितलं. "उदय, आप्पास्नी म्हणावं, फोन बंद करा."

उदयसिंहनं फोन डोंगराकडं फिरवला.

"म्हणतूस का न्हाई?"

"आये, माणूस नाराज झालं तर माझा धंदा बसंल. त्यांच्याच ओळखीनं तर गिऱ्हाईक यायचंय."

गाडीतून साक्षीचा आवाज आला. ती त्या परक्या भाषेत एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती. अर्थ मनुबाईला कळला नाही, पण विनवणी कुठल्याही भाषेतली असो, कळतेच.

मनुबाई सरळ जीपपाशी गेली. पदर जिथं होता तिथंच राहिला.

"भावजी," ती म्हणाली.

आप्पांनी वर बघितलं. भूत बोलावं तसं त्यांना झालं. फोनमधला निवेदक तेवढा ओरडत राहिला.

"तुमच्या बैलांस्नी जरा दम खाऊ द्या. आत माझी नात जलमाची भाकरी मागतीया, आन् तुमी तिचं इंटरनेट पिऊन बसलाय. फेटं बांधून आलाय, माणसं म्हणून आलाय. पोरीला एक घटकाभर शांतता देता येत न्हाई तुमाला? करा बंद. समद्यांनी."

शिवतेजनं फोन आधीच खिशात घातला होता.

"उदय," आप्पा सावकाश म्हणाले, "तुझ्या आयेला सांग, आमी मानानं आलो हुतो."

"मलाच सांगा की," मनुबाई म्हणाली. "मी हितंच हाय."

आप्पा बॉनेटवरून उतरले. फेटा काढून सीटवर टाकला, जीपमधे बसले. ते बसले म्हणून सगळे बसले. तिन्ही गाड्या सुरू झाल्या. आणि उदयसिंह, हातातला फोन तसाच धरून, त्यांच्या मागून धावत सुटला. "आप्पा, आवं आप्पा! आयेचं काय मनाव घेताय! आवं थांबा की!" रस्त्याच्या वळणापर्यंत त्याचं ते ओरडणं ऐकू आलं. त्याचं लाइव्ह बघणाऱ्यांना धुरळा दिसला असेल, मग जीपचं मागचं चाक, आणि मग काहीच नाही. कारण फोन डब्यापासून लांब गेला होता.

माळ मोकळा झाला. मनुबाई डिशजवळ दगडावर बसली. वारा सुटला होता, स्टँड डगमगत होतं, म्हणून तिनं त्याच्या एका पायावर हात ठेवला. आत साक्षी बोलत होती. आता न थांबता, न अडखळता. एकदा तर ती हसली.

पुष्कळ वेळानं ती बाहेर आली आणि आज्जीच्या शेजारी मातीतच बसली.

"घेतलं?"

"घेतलं. चैताच्या आसपास जायचं."

मनुबाईनं मान हलवली. चैत्र किती लांब आहे ते तिनं मनात मोजायला घेतलं आणि मधेच सोडून दिलं. "काय इचारलं तिनं?"

"लय काय काय. शेवटाला म्हणली, घरदार सोडून एवढ्या लांब का यायचंय?"

"मग?"

"म्हणलं, आमच्याकडं माणसं लय हायत."

मनुबाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. नंतर पाणी तेवढं राहिलं.

उदयसिंह घामेजून परत आला. "आप्पा लय रागावलं," तो म्हणाला. "शिवतेज म्हणतोय, माघारी येणार न्हाईत. आये, तू माझं वाटोळं केलंस. आन् लाइव्ह बी तुटलं. साक्षे, तू तुझ्या फोनवर कायतरी काढलंस का? तेवढंच लावता आलं असतं."

साक्षीनं तोंड उघडलं, पण मनुबाईनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "काय न्हाई काढलं," ती म्हणाली. "गुंडाळ तुझा पाट."

त्यानं केबल गुंडाळली, डिश पुसून खोक्यात ठेवली, कुंकू निघेना म्हणून शिव्या दिल्या. गाडी माघारी निघाली. तो बोलतच होता: आप्पांना काय सांगायचं, कुणाला मधे घालायचं, पुढची जाहिरात कुठं करायची. पाटण गेलं. उंब्रज गेलं. साताऱ्याचे दिवे दिसायला लागले, तरी मुलाखतीचं काय झालं, हे त्यानं विचारलं नव्हतं.